चामडं आटलं

माझ्या घड्याळांच्या दुकानाला लागूनच त्याचं बूटदुरुस्तीचं दुकान. जेमतेम एक माणूस बसेल एवढं. घट्ट बूट सैल करून द्यावेत ते त्यानेच. लाकडी फर्मा आत ठोकून रात्रभर ठेवायचा, सकाळी बूट कसा ऐसपैस! म्हणून सगळे त्याला फर्माशेठ म्हणत.

मुलगी लग्न होऊन लांब गेली, मग बायको गेली, आणि शेठ खोलीत एकटा उरला. साखरेचा आजार जुना. बायको होती तोवर गोळीची काय बिशाद होती चुकायची! आता आठवली तर घ्यायचा.

यंदा त्याचे स्वतःचेच बूट घट्ट व्हायला लागले. दुसरा कुणी असता तर त्याने पायांकडे बघितलं असतं. हा पडला बूटवाला. "चामडं आटलं," म्हणाला आणि फर्मा ठोकला. थोड्या दिवसांनी परत ठोकला. जिना चढताना धाप लागायची, तर म्हणे वय झालं. शेवटी मीच चिडून त्याचा मोजा खाली ओढला. घोट्यावर बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला. घरात दुसरं माणूस असतं तर हे केव्हाच दिसलं असतं.

दवाखान्यात मीच नेला. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. साखरेने किडन्या झिजल्या, म्हणून अंगात पाणी साठतंय, रक्तदाब चढतोय. त्याचा भार हृदयावर. आणि हृदय थकलं की किडन्यांचे आणखी हाल.

"साखर, किडनी, हृदय, तिन्ही आजार एकमेकांत गुंतलेत, काका. आता गोळ्या चुकल्या तर किडन्या हातच्या जातील. लक्ष ठेवायला माणूस हवं. घरी कोण असतं?"

"हेच तिघं," तो म्हणाला.

बाई हसल्या. मला काही हसू आलं नाही.

येताना मी त्याला खडसावलं, "आज मुलीला सांग. थोडे दिवस येऊन राहा म्हणावं."

"सांगतो की."

संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी समोरच बसलो होतो. रोज 'मजेत' म्हणून मोकळा होणारा माणूस आज घुटमळला.

"अगं, बूट फार घट्ट होतायत माझे."

ती एवढ्या मोठ्याने हसली की मलाही ऐकू आलं. "बाबा, तुमचे बूट घट्ट? मग चढवा की फर्म्यावर!"

"चढवतो," तो म्हणाला. "तू जेवलीस का?"

फोन ठेवून त्याने मोजे वर ओढले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांगितलं बरं का मी."