सदतिसाव्या पानावरचा ठेचा

सिंगापूरमध्ये छापलेल्या एका पाककृतींच्या पुस्तकात सदतिसाव्या पानावर मी रडतो आहे. फोटो रंगीत आहे. डोळे आणि नाक दोन्ही वाहताना अगदी स्पष्ट दिसतात.

पुस्तक मात्र फार सुंदर आहे, हे आधी सांगायला हवं. इथल्या क्लेमेंटी भागात मी ज्यांच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहतो, त्या चिनी आंटींनी ते जमवलं. आमच्या ब्लॉकमध्ये कुणाचे आजोबा चीनमधून बोटीने आले, कुणाची आजी जावातून, कुणाची तमिळनाडूतून. त्या सगळ्यांनी सोबत आणलेल्या चवी आंटी दारोदार फिरून गोळा करत होत्या. मदतीला खालच्या मजल्यावरच्या माचिक. (मलय मावशीला इथे असंच म्हणतात.) एका आजीने माशाच्या रश्शाची कृती सांगताना निम्मं पान फक्त आपल्या आईच्या हातांवर खर्च केलं होतं. मला स्वयंपाकातलं फारसं कळत नाही, पण ते पान वाचून मला भूकही लागली आणि घरही आठवलं.

"एक पान उरलंय," आंटी म्हणाल्या. "तुझ्या आईचा पदार्थ दे. वर तिचं नाव छापू."

मी जरा गडबडलोच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आईचं नाव आजवर छापलं गेलं ते फक्त रेशनकार्डावर. लग्नपत्रिकेतसुद्धा ती 'सौ. व श्री.' मधल्या 'सौ.' एवढीच! ते पान मला हवंच होतं.

मी बार्शीला व्हिडिओ कॉल लावला.

"माझं नाव? पुस्तकात?" आईने पदर सावरला, जणू छापखानावाले समोरच बसलेत. "मग पुरणपोळी सांग की रं!"

"ठेचा सांगणार आहे."

"ठेचा? आरं, लोक काय म्हणतील, हिला दुसरं काही येत नाही व्हय?"

"मला इथे त्याचीच आठवण येते, आई."

तिने पुन्हा एकदा पदर सावरला. मागून बाबांचा आवाज आला, "त्या लोकांना सांगून ठेव आधी. सोसायचं नाही त्यांना!"

बाबांचं म्हणणं मला पटलं. मी आंटींना आणि माचिकना गंभीरपणे सावध केलं, की आमचा ठेचा साधासुधा नसतो, पाण्याचा तांब्या जवळ ठेवा, वाटलं तर दूधही. दोघींनी माना डोलावल्या. (आता आठवलं की मान खाली जाते.)

बाजारात दोन प्रकारच्या मिरच्या होत्या. लांबलचक, आणि बोटाच्या पेराएवढ्या. मी इवल्याशा मिरच्या फोनसमोर धरल्या.

"अगं बाई, किती लहान! कोवळ्याच हायत रं," आई म्हणाली. "कोवळ्यांना कसलं आलंय तिखट? दोन मुठी घे."

"ग्रॅममध्ये किती? आंटींना ग्रॅम लागतात."

"मुठीला कधी काटा लागतो का? घे दोन मुठी!"

घेतल्या. त्या कोवळ्या नव्हत्या. त्या तेवढ्याच वाढतात. इथे त्यांना चिली पाडी म्हणतात आणि नवख्याला एका वाटीत दोन-चार तुकडे पुरतात, ही माहिती मला नंतर मिळाली.

तव्यावर मिरच्या पडल्या आणि मला असा ठसका लागला की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं. आंटी मात्र शेजारी शांतपणे लसूण सोलत होत्या. त्यांचा दगडी खलबत्ता थेट आमच्या घरच्यासारखा. त्यात मिरच्या, लसूण, दाणे आणि मीठ घालून मी खोकत खोकत कुटलं. चव बघितली नाही. पाहुण्यांच्या आधी चमचा तोंडात घालायचा नाही, हे आईने लहानपणीच पाठीत धपाटा घालून शिकवलंय.

माचिकनी भातावर ठेच्याचा भला मोठा गोळा घेतला. मी तांब्या पुढे सरकवला. त्या सावकाश चावत राहिल्या. आंटींनीही खाल्लं. आईचं नाव त्या दोन चमच्यांवर टांगलेलं!

"छान आहे," माचिक म्हणाल्या. "दाण्यांनी मजा आली."

"नाइस," आंटी म्हणाल्या. "पण तू सांगितलेलं तिखट कुठे आहे? नॉट स्पायसी!"

बार्शीची अब्रू गेली! तेवढ्यात आंटींनी फोन उचलला. "आता तू खा. ज्याने केलं त्याचा खाताना फोटो, तरच पान."

मी रुबाबात मोठा घास घेतला.

पुढचं मला नीट आठवत नाही. कानातून वाफा निघाल्या असं वाटलं. मी तांब्या गाठला, मग दूध, मग माचिकनी तोंडात कोंबलेली साखर. आंटी हळव्या आवाजात म्हणत होत्या, "पुअर बॉय... हलू नको, लाइट चांगला आहे."

पुस्तक निघालं. पानाच्या वर ठळक अक्षरांत आईचं नाव, सुमन. खाली मी. फोटोखाली आंटींनी मनापासून लिहिलं होतं: 'आईच्या हातची चव आठवून भरून आलेला मुलगा.'

बार्शीला प्रत पोचली तेव्हा आईने आधी नावावरून बोट फिरवलं, मग पुस्तक अख्ख्या गल्लीत फिरवलं. मग रडत फोन केला.

"एवढी आठवण येते व्हय रं माझी?"

"येते गं. पण आई, ती मिरची फार तिखट—"

"गप! माझ्या पोटचा पोरगा ठेच्यानं रडंल व्हय?"

मागून बाबा हसत होते. "नाक बघ की त्याचं!" पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आता मला धीर यावा म्हणून आई पार्सल पाठवते आहे, ठेच्याची मोठी बरणी. माचिक आणि आंटी रोज विचारतात, आली का? बरणी आली की त्यात चवीपुरत्या थोड्या चिली पाडी घालायचं दोघींनी ठरवलंय. मी दही आणून ठेवलंय.