सतरंजीवरचा स्टड पोकर

माझं माहेर नांदेडचं. तिथं वडील आम्हा बहिणींना घेऊन दुपारभर मेंढीकोट खेळायचे आणि हरले की खरोखर रुसायचे. लग्न होऊन लातूरला आले, तर इथं कायदाच वेगळा. दिवाळीत पुरुषांनी सतरंजीवर चिंचोके मांडून तीन पत्ती खेळायची, बायकांनी चहा-चिवडा पुरवायचा. बाईनं पत्त्याला हात लावायचा नाही, हा सासूबाईंचा नियम. इतकी वर्षं मी ट्रे घेऊन त्या सतरंजीला वळसा घालत आले. राग यायचा, लई यायचा.

मागच्या पाडव्याला पुतणी पुण्याहून नवा खेळ शिकून आली, स्टड पोकर. तिचे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर, म्हणाले, "आम्हाला बी शिकव की."

पोरगी माझ्याकडं बोट करून म्हणाली, "मोठ्याई खेळायला बसली तरच शिकवीन."

मनात म्हटलं, शाब्बास गं वाघिणी!

दीर हसले. "बसू द्या की. पण वैनी, एक बी चूक झाली की उठायचं, अन् पुन्हा या सतरंजीचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. मी काय ऐकून घेते होय!

सकाळी पुऱ्या तळता तळता शिकवणी झाली. डाव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी टाकायची ती अँटी, म्हणजे तीन पत्तीतला आपला बूट. झाकलेली पानं ती होल कार्ड. पहिलं उघडं पान ते डोअर कार्ड, आणि ज्याचं ते सगळ्यात हलकं, त्यानंच आधी चिंचोके टाकायचे, ते ब्रिंग-इन. पॅक म्हणायचं नाही, फोल्ड म्हणायचं. तिसऱ्या पानाला थर्ड स्ट्रीट, चौथ्याला फोर्थ स्ट्रीट, आणि शेवटचं झाकलेलं सातवं पान म्हणजे रिव्हर. सातातली चांगली पाच धरायची. कॉलेजात मी पोरांकडून व्याख्या पाठ करून घेते. त्या दिवशी माझीच घोकंपट्टी चालली होती. एक पुरी करपली, करपू दे म्हटलं.

दुपारी बसलो. पुतणी पानं वाटत होती, त्यामुळे तिनं मधे बोलायचं नाही असं ठरलं. दीर दोनदा पॅक म्हणाले, ते कुणी मोजलं नाही. शेवटच्या डावात आम्ही दोघंच उरलो. रिव्हर आलं, मी हळूच उचलून पाहिलं. बदाम! माझी पाच बदामं झाली.

दिरांनी पानं उलटली. पाच, सहा, सात, आठ, नऊ. "सिक्वेन्स! वैनी, काय हाय?"

"कलर," मी म्हटलं.

"मग संपलं की!" ते ओरडले आणि चिंचोके ओढू लागले. आमचे हे सुद्धा मान हलवून राहिले. तीन पत्तीत कलरपेक्षा सिक्वेन्स मोठा, हे आमच्याकडं बोलायला लागायच्या आधी शिकतात. माझाही हात पानं पालथी टाकायला निघाला होता, आणि पालथी टाकली की डाव मेला. पुतणी खाली मान घालून बसलेली, ओठ दाबून. तेवढ्यात डोक्यात लख्ख झालं.

"हात काढा भाऊजी!" मी अशी ओरडले की ते दचकलेच. "हा पाच पानांचा खेळ हाय. इथं कलर जमायला जास्त अवघड, म्हणून कलर वर. विचारा तुमच्या लेकीला."

"हाव पप्पा," पोरगी म्हणाली आणि टाळ्याच वाजवायला लागली.

दिरांनी चिंचोके माझ्याकडं सरकवले. "मानलं वैनी. बसा आता कायमच्या." खोटं कशाला बोलू, मला भयंकर अभिमान वाटला. आजही वाटतो.

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी पदराला हात पुसले, दिरांना म्हटलं, "सरक तिकडं," आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या.

"मला बी वाट गं," त्या नातीला म्हणाल्या. "अन् चुकलं तर मी उठायची न्हाई, आधीच सांगून ठेवते."