मामा आणि शेवटची चौदा पानं

आमच्या हिच्या मामांइतका निर्धास्त माणूस अमरावती ते अकोला या पट्ट्यात दुसरा नसेल, आणि ज्याच्या निर्धास्तपणामुळे शेजारच्या माणसाचा रक्तदाब इतका वाढला असाही दुसरा नसेल. माझी डायरी साक्षीला आहे. सहा जुलै, रविवार. स्थळ, आमचं अकोल्याचं घर. हजर: मामा, ही, आमची बारावीतली मुलगी मुक्ता आणि मी. शिकवणीची ठरलेली फी: शून्य. त्या शून्यापुढे मी त्याच दिवशी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं, कारण फुकट मिळणाऱ्या गोष्टीची मला आधीपासून धास्ती वाटते.

शिकवणी इंग्रजी साहित्याची होती. मुक्ताने हा विषय हट्टाने घेतला. तिच्या कॉलेजात तो घेणाऱ्या मुली चार, आणि शिकवणारे सर जूनमध्येच नोकरी सोडून गेलेले. आमच्या घरापासून चौकापर्यंत शिकवण्यांच्या अकरा पाट्या आहेत, मी मोजल्या; सगळ्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणिताच्या. मी मुक्ताला एकच अट घातली होती. या विषयात साठ मार्क पडले तर पुढे अमरावतीला इंग्रजी घेऊन बी.ए. कर, एकोणसाठ पडले तरी बी.कॉम. ती लगेच हो म्हणाली. तिचा आत्मविश्वास पाहून मला जास्तच काळजी वाटली.

मामा जन्मभर कापसाचे ग्रेडर होते. खरेदी केंद्रावर शेतकऱ्याची गाडी आली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी पाहून प्रत सांगायची. हंगाम संपला की काम नसे, म्हणून त्यांनी रिकाम्या उन्हाळ्यांत बाहेरून इंग्रजीत एम.ए. केलं. आता पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे एसटी फुकट. दर रविवारी ते अमरावतीहून निघत, मूर्तिजापूरला उतरून चहा पीत, आणि गाडी निघून गेली तर शांतपणे पुढच्या गाडीची वाट पाहत. ते साडेनऊला येतात की पावणेबाराला, याची नोंद मी ठेवत असे. सरासरी काढली नाही. धीर झाला नाही.

शिकवायचेही कापूस पाहावा तसे. मुक्ताने कवितेची ओळ मोठ्याने वाचायची, आणि मामांनी डोळे मिटून दोन्ही चिमटी हवेत एकमेकींपासून दूर न्यायच्या. "लंबा धागा हाय, माय. तुटून नाही राह्यला." एखादी ओळ आवडली नाही तर बोटं झटकायचे. मुक्ताच्या निबंधावर शेरे असायचे: "पत्ती जास्त", म्हणजे कचरा फार. "ओलावा जास्त", म्हणजे रडारड फार. एकदा तिने गाइडातून उत्तर उतरवलं, तर त्यांनी वही हुंगून परत दिली. "फरदड हाय हे. एकदा निघालेल्या पिकाले पाणी देऊन पुन्हा काढलेला कापूस. मले नोको देऊ."

इथपर्यंत मी सहन केलं. पण दिवाळीआधीच्या परीक्षेत मुक्ताने कवितेच्या रसग्रहणात चांगल्या इंग्रजीत लिहिलं की या कवितेचा धागा लांब आहे, मात्र तिसऱ्या कडव्यात थोडी पत्ती आढळते. तपासणाऱ्या बाईंनी लाल पेनाने तीन प्रश्नचिन्हं काढली आणि सहापैकी अर्धा मार्क दिला. एकूण मार्क त्रेपन्न. मी पेपर मामांपुढे ठेवला.

"अर्धा देल्ला ना?" मामा म्हणाले. "बाईले कापूस समजते थोडासा."

"बाबा, तुम्ही काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले?" मुक्ता हसत म्हणाली. साठातून त्रेपन्न गेले की सात उरतात, हे त्या घरात मला एकट्यालाच दिसत होतं.

फेब्रुवारीत मी अभ्यासाचा तक्ता केला. नेमलेल्या कादंबरीची पानं दोनशे बारा. शिकवून झालं की मामा पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने टिंब देत. शेवटचं टिंब एकशे अठ्ठ्याण्णववर होतं, आणि त्यावर डिसेंबरची तारीख होती. पुढे काही नाही. मी विचारलं, "मामा, चौदा पानं राहिली की."

"राहूच द्या."

"राहू द्या म्हणजे? शेवटावर प्रश्न येतो!"

"जवाईबापू, गाडी पुरी रिकामी होयेपर्यंत ग्रेडर थांबत नसते. हात घातला, धागा पाह्यला, समजलं. मी एकाही पुस्तकाचा शेवट वाचला नाही."

"एम.ए. कसे झालात मग?"

"पंच्याऐंशी मार्काचा पेपर सोडवला, पंधराचा सोडून देल्ला."

मी त्या दिवशी आवाज चढवला. म्हणालो, "गाडी पुरी रिकामी झाली का, तेच परीक्षक पाहतो, मामा! तुमच्या चौदा पानांपायी पोरीचं वर्ष जाईल." ही आतून बाहेर आली. मामा हळूच म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. पण शेवट वाचला का त्यातले लोकं निघून जातेत. मले ते जमत नाही." अमरावतीला ते दोन खोल्यांत एकटे राहतात. भिंतीभर पुस्तकं आहेत, आणि प्रत्येकात शेवटाजवळ एसटीचं एक तिकीट खोचलेलं. मी ती कित्येकदा पाहिली होती. मोजली मात्र कधी नव्हती.

पुढच्या रविवारी मामा येतील असं वाटलं नव्हतं. ते आले, तेही सव्वानऊला. मी शब्दकोश घेऊन बसलो, मुक्ता एकशे नव्व्याण्णवपासून मोठ्याने वाचू लागली. मामा उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी मिक्सर सुरू केला. शेवट कानावर पडू नये म्हणून. मुक्ता थांबलेली दारातून दिसली की मिक्सर थांबे, पुन्हा वाचू लागली की पुन्हा सुरू. त्या दिवशी आमच्याकडे जवसाची दीड किलो चटणी झाली. शब्दकोशात मी अडतीस शब्द पाहिले. शेवटच्या पानावर मुक्ता हळूहळू वाचू लागली, आणि मलाही पुढचा शब्द शोधायला जरा वेळ लागला. मिक्सर चालूच होता.

शेवटावर प्रश्न आला. मुक्ताला एकाहत्तर मार्क पडले. आता ती अमरावतीला इंग्रजी घेऊन बी.ए. करते आणि रविवारी मामांकडे जाते. त्यांच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तीच वाचून दाखवते. कुठे थांबायचं ते तिला सांगावं लागत नाही.

निकालाच्या दिवशी मी मामांना विचारलं, तुमचं काय द्यायचं? ते म्हणाले, "पोरीचं ते पुस्तक द्या. पण पुरं नोको." मी ब्लेडने सात पानं, म्हणजे दोन्ही बाजू धरून चौदा, जपून कापली. डायरीत सहा जुलैच्या शून्यापुढचं प्रश्नचिन्ह खोडून लिहिलं: दिलं, पुस्तक एक, पानं एकशे अठ्ठ्याण्णव, मामांना. चौदा माझ्याकडे. कादंबरीतलं शेवटी कोण राहिलं आणि कोण गेलं, ते मला ठाऊक आहे. मामांनी विचारलं नाही, आणि मी सांगणार नाही.