जबड्याची पारख

मुळशीतल्या आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यातला शिपाई माणसांचेही जबडे तपासतो. कुणी नमस्कार केला, की त्याच्या कानाखालचा चावायचा स्नायू दाबून निकाल देतो, "लई आवळलाय. हा सुटल्याबिगर जीभ सुटायची न्हाई."

परवा ग्रामसभेत गायरान बिल्डरला द्यायचा ठराव आला. विरोधाची पत्रकं मीच वाटली होती, पण बोलायला उठलो आणि दातखीळच बसली.

सरपंच म्हणाले, "मग विरोध न्हाई कुणाचा?"

शिपाई उठला. बैलाला औषध पाजताना घालतो, तसा त्यानं माझ्या ओठांच्या कोपऱ्यातून अंगठा आत सारला. जबडा उघडला.

"गायरान गावाचं हाय!" मी ओरडलो.

त्यानं अंगठा सदऱ्याला पुसला आणि सरपंचांच्या जबड्याकडं बघत दवाखान्यातल्या सवयीनं म्हणाला, "चला, पुढचं आणा."