केबिनमधली डावी सीट

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी नांदेडला माझा भाऊ वारला. त्या वेळी त्याची फाइल लातूरला माझ्या कपाटात होती.

यातलं दुसरं वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पहिलं सगळ्यांना सांगितलं – फोनवर, दारात, कॉलेजात रजेचा अर्ज देताना. दुसरं ओठांपर्यंत येतं आणि मी भलतंच काहीतरी बोलते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. क्रम नीट लागेल असं नाही. तीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक लावले, पण ही गोष्ट कुठल्या कप्प्यात ठेवायची ते मला अजून कळत नाही.

दादा फौजेत ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर वहिनीच्या माहेरी, नांदेडला, घर केलं. मूलबाळ नव्हतं. वहिनी गेली आणि तो गप्प झाला. मी रविवारी बसनं जायची, भाकरी करून ठेवायची. पुढच्या रविवारी त्यातल्या निम्म्या तशाच असायच्या. मग एक दिवस त्यानं लिलावात फौजेचा जुना ट्रक घेतला. ज्या रस्त्यांवर नोकरीभर सामान वाहिलं, ते रस्ते आता सावकाश बघायचे, म्हणाला. लेहपर्यंत. मागच्या हौद्यात झोपण्याची आणि चुलीची सोय करायची होती, पण आधी केबिन. दिवस तिथंच जातो, असं त्याचं म्हणणं.

ती केबिन तुम्ही बघायला हवी होती. पत्र्याची पेटीच. सीट म्हणजे फळीवर ताणलेलं ताडपत्रीचं कापड. दोन सीटच्या मधोमध इंजिनचा उंचवटा – गाडी चालू झाली की तो तव्यासारखा तापायचा, आणि आवाज इतका, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागायचं. पायरी चढताना माझी साडी अडकली. दादा हसला. वहिनी गेल्यावर पहिल्यांदा. आणि जेवताना, भाकरी मोडता मोडता, सहज म्हणाला, "डावी सीट तुझी हाय, कुंदे. पुस्तकात लई हिंडलीस."

मी हो म्हणाले. त्या दिवशी त्यानं दोन भाकरी खाल्ल्या.

मला जायचं होतं का? खरं सांगते, माहीत नाही. मी दोन रात्रींच्या वर कधी घराबाहेर राहिलेली नाही. माझं लग्न झालं नाही. आईवडिलांमागे लातूरच्या घरात मी एकटी, आणि मला ते बरं वाटतं. हिमालयातल्या खिंडींची नावं मला पाठ होती, पण खिडकीतून खाली बघितलं तर काय होईल, ते ठाऊक नव्हतं.

गाडीचे कागद लातूरला करायचे होते, कारण दादाचा कायमचा पत्ता आमच्या घराचाच. आधी अर्ज, मग तपासणी, मग नंबर. आमच्या घरात कागदाचं काम नेहमी माझ्याकडे. त्याच्या पेन्शनचे अर्ज मीच भरले होते. गुढीपाडव्याच्या आसपास त्यानं सही करून फाइल दिली. मी ती तपासली, केबिनचा नकाशा स्वच्छ काढून जोडला. आरटीओचं ऑफिस माझ्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर. मी गेले नाही.

पहिल्या आठवड्यात वेळच झाला नाही – हे खरंही होतं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं फोनवर विचारलं, तेव्हा मी अर्ज दिला म्हणून सांगितलं. इतकं सोपं होतं ते. नंतर नुसती उत्तरं शोधायची होती. साहेब रजेवर आहेत. नकाशात काहीतरी निघालंय. सिस्टीम बंद आहे. तिथल्या बिचाऱ्या लोकांनी ती फाइल कधी डोळ्यांनी बघितली नव्हती, आणि दादा दर रविवारी त्यांना शिव्या घालायचा – फोनवर, कारण मी नांदेडला जायचं टाळायला लागले होते. मी ऐकून घ्यायची.

कागदाशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, हा त्याचा फौजी हट्ट. "ऑफिसवाले काय करून राहिलेत कुणाला माहीत," म्हणायचा, "तवर छत करून घेतो." छत झालं – आतून अस्तर, मऊ, राखाडी. पुढच्या महिन्यात दरवाजांच्या पत्र्यामागे आवाज दाबणारे जाड थर चिकटवले. मग इंजिनच्या उंचवट्यावर उष्णता अडवणारी नमद्याची – दाबलेल्या लोकरीची – गादी. मग एका जुन्या लांब पल्ल्याच्या बसमधून काढलेल्या दोन सीट. अर्धापूर रस्त्यावर सलीमभाई नावाचे सीटकाम करणारे कारागीर आहेत. त्यांच्या शेडमध्ये हे सगळं चालायचं, आणि रविवारी मला फोनवर त्याचं वर्णन. माझ्या बाजूला वाचायचा दिवा. पुस्तकं पडू नयेत म्हणून पट्ट्याचा कप्पा. जिथं पूर्वी बंदूक अडकवायचे, त्या लोखंडी खोबणीत माझी छत्री बसते का, म्हणून त्यानं सलीमभाईंची छत्री लावून बघितली होती.

माझ्या प्रत्येक खोट्यानं ती केबिन सुधारत गेली. हे मला तेव्हा दिसत होतं. मग मी थांबले का नाही? भीती म्हणावी, तर मी सरळ नाही म्हणू शकले असते. तो रागावला नसता. की तो दर रविवारी फोन करत होता, ते मला हवं होतं? कागद झाले असते तर तो निघून गेला असता – माझ्याबरोबर किंवा माझ्याशिवाय. यातलं कुठलं खरं? मी एक कारण लिहिते, खोडते, दुसरं लिहिते. दोन्ही माझ्याच अक्षरातली, दोन्ही अर्धवट वाटतात.

दिवाळीआधी त्याचा फोन आला. माझे पाय केबिनच्या तळाला टेकणार नाहीत, म्हणून लाकडी पायफळी करायची होती. गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप हवं – सुतळीला गाठ मारून पाठव, म्हणाला. मी खुर्चीत बसून माप घेतलं, गाठ मारली, पाकीट नांदेडच्या एसटीत कंडक्टरजवळ दिलं. त्या सगळ्या महिन्यांत मी त्याला खरी दिलेली गोष्ट एवढीच.

मग तो गुरुवार. शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं, पण पोचायच्या आत संपलं होतं. मी दुपारी पोचले.

चौदाव्यानंतर सलीमभाईंनी गाडी बघायला बोलावलं. मी डाव्या बाजूनं चढले. त्यांनी पायरी एक वाढवलेली होती, साडी अडकली नाही. बसले. पाय फळीवर टेकले. अगदी बरोबर. सलीमभाई खाली उभे होते, आणि मला बरं वाटावं म्हणून बोलत होते. पोळ्याच्या वेळी ते आणि दादा रेग्झिन घ्यायला लातूरला आले होते, ते सांगत होते.

लातूरला? मी विचारलं. दादा लातूरला आला आणि घरी आला नाही, असं कधी झालं नव्हतं.

"हाव ताई. साहेब आरटीओत जाऊन आले, मी टपरीवर थांबलो. मी बोललो, चला, ताईंकडे च्या पिऊ. तर म्हणले, नको, ती कामात असंल. कागदाचं विचारलं, तर म्हणले, कुंदा करून राहिली. घाई न्हाई. आन् मग परत येताना एसटीतच त्या पायफळीचं काढलं बघा."

त्यानं खिडकीवर विचारलं असेल का? विचारलं असेल तर तिथं त्याला काय उत्तर मिळालं असणार, ते मला ठाऊक आहे. की रांग बघून तसाच परतला? त्यानंतरच्या रविवारीही त्यानं नेहमीसारखा फोन केला होता. मी ते संभाषण आठवायचा प्रयत्न करते. त्यानं ऑफिसवाल्यांना शिव्या घातल्या होत्या की नव्हत्या? बहुतेक नव्हत्या. की हे मी आता मनानंच जोडते आहे?

मग मी खाली उतरले. चहा घेतला, आभार मानले, बसनं परत आले.

गाडी अजून अर्धापूर रस्त्यावर त्यांच्या शेडमध्ये आहे. फाइल माझ्याकडे आहे. अर्जावर दादाची सही आहे, आणि तारखेची जागा कोरी आहे.