न लिहिलेली दुरुस्ती

मी शिरूरला वीस वर्षं तालुका वार्ताहर होतो. भुताखेताची, अंगात येण्याची बातमी कुणी आणली की एकच विचारायचो – पाहिलं कुणी? नाव सांगा. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. घडलं तेवढंच सांगतो.

दोन हजार सालानंतरच्या दशकातली शेवटची वर्षं. तेव्हा जोरात असलेल्या एका सोशल साइटवर आम्ही 'शिरूर-दौंड' नावाची कम्युनिटी चालवायचो. पडलेली झाडं, बंद रस्ते... लोक कळवायचे, मी खात्री करून माझ्या नावाने टाकायचो.

नोव्हेंबरातलं वादळ. दुपारी एक वाजताच शिरूरची वीज गेली. मी तहसील कचेरीत बसून होतो. माझी बहीण सुनीता दौंडला, आठवा महिना. अचानक कळा सुरू झाल्या. तिचे डॉक्टर शिरूरचे. साडेतीनला दाजींचा फोन आला.

"पाव्हणं, रस्ता कसाय? आणू का हिला?"

मी कचेरीत विचारलं. रस्ता चालू, असं उत्तर मिळालं.

"चालू आहे दाजी. निघा."

"बघा हां, तुमच्या भरवशावर निघतोय."

लगेच रेंज गेली. मी जागचा हललो नाही. साडेपाच झाले, दाजींची जीप आली नाही. मग कचेरीच्या वायरलेसवर निरोप आला – इनामगावजवळच्या ओढ्यावरची फरशी, म्हणजे तिथला ठेंगणा पूल, सव्वाचारला वाहून गेली. जीप साधारण तेव्हाच तिथे पोचणार होती.

रेंज आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

"मामा झालात," दाजी म्हणाले. "पोरगी. दौंडलाच झाली. दोघी बऱ्या हायेत."

"तुम्ही निघालाच नाहीत?"

"आता घ्या! आदी निघा म्हणायचं, मग निघू नका लिवायचं. पत्रकार हाय का कोण तुम्ही!"

दाजींचा फोटो स्टुडिओ आहे. निघताना ते बॅटरीवरचा कॉम्प्युटर बंद करायला गेले, तेव्हा कम्युनिटीवर माझ्या नावाने मजकूर होता. पुढे मी तो स्वतः वाचला. वेळ तीन चाळीस. 'आधी दिलेली माहिती चुकीची आहे. इनामगावजवळची फरशी गेली आहे. शिरूरकडे निघू नये.'

तेव्हा फरशी शाबूत होती. चार वाजता तिच्यावरून ट्रक घेऊन गेलेल्या ड्रायव्हरशी मी नंतर बोललो. माझा पासवर्ड कुणाकडे नव्हता. तरी कुणी खोडी केली असेल, असं धरून महिनाभर चौकशी केली आणि पहिल्याच वाक्यापाशी अडलो. त्या दिवशी कम्युनिटीवर मी काहीच टाकलं नव्हतं. 'आधीची माहिती' मी दिली होती ती फक्त फोनवर, फक्त दाजींना.

साइट पुढे बंद पडली. दाजी अजून आल्यागेल्याला सांगतात, "पाव्हण्यामुळं वाचलो." तो मजकूर कुणी लिहिला, मला माहीत नाही. फोनवर 'निघा' मी म्हणालो होतो – त्या दिवसाबद्दल खात्रीने एवढंच सांगता येतं.