जयवंताच्या हाताचा दोष

वच्छलाला पांढुर्ण्याला आणा, असा हट्ट जयवंतानंच धरला होता.

शहाऐंशी सालची गोष्ट. बाजारामागच्या एका लांबट खोलीत महिला संस्थेच्या पंधरा-वीस बाया हातानं गोधड्या शिवत. कारभार निवृत्त मास्तर यशवंतराव पाहत. त्या साली त्यांनी नागपूरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून रजया शिवायचं जुनं मशीन आणलं. दहा हात लांब लोखंडी चौकट, तिच्यावर कापड गुंडाळायचे तीन रूळ, आणि रुळांवरून मागं-पुढं सरकणारं लांब मानेचं शिलाईचं डोकं. मशीन आलं, पण चालवणारं कोणी नव्हतं.

जयवंता कामडी म्हणजे त्या खोलीतला सगळ्यात चांगला हात. गोधडीचा टाका असा घाली की उलटी-सुलटी बाजू ओळखू येत नसे. तिनं यशवंतरावांना सांगितलं, माझी मैत्रीण त्याच कारखान्यात तीन वर्षं होती, लोधीखेड्याच्या शाळेत आम्ही एका पट्टीवर बसत होतो, आता नवऱ्याचं काम सुटल्यावर सौंसरला येऊन राहिली आहे. यशवंतरावांना भरवसा नव्हता. जयवंता दोनदा बसनं सौंसरला गेली, वच्छलाच्या सासऱ्याची समजूत घातली आणि आपल्याच गल्लीत तिला खोली पाहून दिली. पहिल्या रात्रीचं जेवणही जयवंताच्या सासूनं, देवकाबाईनं, केलं.

ठरलं असं की वच्छलानं मशीन चालवायचं आणि तीन महिन्यांत जयवंताला शिकवायचं. मग सकाळची पाळी एकीची, दुपारची दुसरीची.

वच्छला शिकवायची मोठ्या मायेनं. आधी अस्तराचं कापड रुळाच्या पट्टीला मधोमध लावायचं, मग मधून दोन्ही कडांकडे पिना मारत जायचं. कापड तिरपं गेलं तर शेवटी रजईला नाक-कान फुटतात, असं ती म्हणे आणि दोघी हसत. अस्तरावर कापसाच्या रुईचा थर, त्यावर वरचं कापड, मग वरच्या काठानं आणि दोन्ही बाजूंनी लांब टाक्यांची कच्ची टीप, म्हणजे नक्षी घालताना तिन्ही थर जागचे हलत नाहीत. जयवंताला टीप आठ दिवसांत जमली. रूळ ताणायच्या वेळी वच्छला बजावून सांगे, ढोलकीसारखं ताण, बोट आपटलं की वाजलं पाहिजे. जयवंता दातेरी चाक ताकद लावून फिरवे. कापड वाजलं की वच्छला मान डोलावे आणि म्हणे, जा, आता बॉबिन भरून आण. बॉबिन भरायचं चाक पलीकडच्या कोपऱ्यात होतं. ती येईस्तोवर वच्छला चौकटीपाशी उभी असे.

त्या तीन महिन्यांतल्या रजया छान उतरल्या. परीक्षेच्या दिवशी यशवंतराव खुर्ची टाकून बसले. वच्छलाला लांब उभं राहायला सांगितलं होतं. जयवंतानं एकटीनं रजई चढवली, कापड वाजवून पाहिलं, बॉबिन भरली, टीप मारली, नक्षी घातली. चौकटीवर ती आरशासारखी सपाट दिसत होती. खाली उतरवली आणि बायांसमोर पसरली, तर अस्तर जागोजागी आकसलेलं, वरच्या कापडाला चुण्याच चुण्या. यशवंतरावांनी चुण्यांवरून हात फिरवला. पुन्हा एक संधी दिली. दुसरी रजई पहिलीहून वाईट निघाली. वच्छलानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. काही हातांना मशीन मानवत नाही, म्हणाली, मनाला लावून घेऊ नको.

जयवंताला दोरे कापायला बसवलं. महिन्याभरात वच्छलाची नणंद इंदू सौंसरहून आली आणि पंधरा दिवसांत दुपारच्या पाळीला लागली.

जयवंतानं तक्रार केली नाही. तिला वाटलं, खोट आपल्यातच आहे. पुढं पुढं हातानं गोधडी घालतानाही ती दहा टाके घालून थांबायची, उसवायची, पुन्हा घालायची. देवकाबाई म्हणाली, तुझा हात होता तसाच आहे. तिला ते सासूचं समजावणं वाटलं. वर्षभर ती अशीच राहिली.

अठ्ठ्याऐंशी साली संक्रांतीच्या आसपास मशीनचं डोकं अडकायला लागलं. नागपूरहून, त्या बंद पडलेल्या कारखान्यात काम केलेला, श्रीधर नावाचा मेकॅनिक आला. त्या दिवशी वच्छला आणि इंदू लग्नाला गेल्या होत्या. दुरुस्ती झाल्यावर त्याला चालवून पाहायला कापड चढवलेलं हवं होतं. येतं का कोणाला, असं त्यानं विचारलं तेव्हा बायांनी जयवंताकडे बोट दाखवलं. तिनं घाबरतच चढवलं आणि सवयीनं ताणलं. श्रीधरनं खालून तळवा लावला.

"बाई, येवढं ताणाले कोणं सांगितलं तुम्हाले? हे उतरवलं की आकसते न."

त्यानं दातेरी चाकाला अडवून धरणारी खिट्टी उचलली. टक आवाज झाला, रूळ अर्धा फेरा मागं फिरला, कापडाला झोळ आला. खालून चार बोटं वर ढकलली तर वरून दुसऱ्या हातानं कापडासकट धरता आली पाहिजेत, एवढं ढिलं ठेवायचं, तो म्हणाला, कारखान्यात पहिल्या दिवशी हेच शिकवत. मग तो आपल्या कामाला लागला.

जयवंता तशीच उभी राहिली. तो टक आवाज तिच्या ओळखीचा होता. कोपऱ्यात बॉबिन भरताना पाठीमागून, वच्छला उभी असे तिथून, तो तिनं रोज ऐकला होता, तीन महिने.

संध्याकाळी वच्छला लग्नाहून परतली तेव्हा जयवंता तिच्या खोलीच्या दारात बसली होती. जयवंतानं श्रीधरचं बोलणं सांगितलं. वच्छलानं हातातली पिशवी खाली ठेवली. नाही म्हणाली नाही.

"काऊन केलं वं असं?"

"मशीन एकच होतं, जयवंता. तुह्या हाताले आलं असतं तं मले कोणं ठेवलं असतं?"

"मीच तं आणलं होतं तुले."

"म्हणूनच भेव वाटे."

जयवंता उठून घरी आली. भाकऱ्या थापल्या, सगळ्यांना वाढलं. तिला राग येईना याचंच तिला नवल वाटत होतं. पाळी गेल्याचं तिला तेवढं लागलं नाही. ज्या हातांनी ती सोळा-सतरा वर्षांची असल्यापासून शिवत आली, त्या हातांना ती वर्षभर परक्यासारखं वागवत होती, आणि हे होत असताना वच्छला रोज शेजारी बसून तिच्याच डब्यातली भाजी खात होती.

दुसऱ्या दिवशी तिनं यशवंतरावांना एवढंच सांगितलं, आणखी एकदा चढवू द्या. त्यांनी दिलं. रजई उतरली ती अंगणातल्या सारवणासारखी एकसारखी. इंदूचं लग्न ठरलं आणि ती गेल्यावर दुपारची पाळी जयवंताला मिळाली. आधी का बिघडलं होतं, ते तिनं कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वच्छलाला आणलं कोणी, हेही निघालं असतं.

तीन वर्षं दोघी त्या एकाच मशीनवर होत्या. वच्छला बारा वाजता मशीनवरून उठे तेव्हा पुढची रजई चढवून, टीप मारून ठेवी. मैत्रीण आली की तिनं सरळ नक्षीला लागावं, म्हणून. जयवंता येई, सगळ्या पिना काढी, टीप उसवी, तिन्ही थर उतरवी आणि पहिल्यापासून चढवी. त्यात पाऊण तास जाई. यशवंतरावांनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, दुसऱ्यानं चढवलेल्यावर माझा जीव लागत नाही.

वच्छलानं पहिले दोन-अडीच महिने पाहिलं. मग एका दुपारी जयवंता आली तर रूळ मोकळे होते, कापड घडी करून बाकावर ठेवलं होतं, पिना डबीत. त्या दिवसापासून रोज तसंच.